दोनशे तासांतले शेवटचे सत्तर

पत्र

मी सांगलीचा. महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये सेसना १७२ या छोट्या विमानावर सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, करतोय. १३० तास झालेत. पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी माझ्यावर असताना उडवलेले, ६१, त्यातले क्रॉस-कंट्री (एका विमानतळाहून लांब दुसरीकडे) २२. हूडखाली, म्हणजे बाहेरचं न बघता फक्त उपकरणांवर, विमानात ४ तास आणि सिम्युलेटरवर १०. नाइट फ्लाइंग अजून सुरू व्हायचंय. वारा आडवा असला की माझं लँडिंग बिघडतं, चाकं एकीकडे आणि नाक दुसरीकडे. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘तास भर, बाकीचं एअरलाइन शिकवेल.’ एक मित्र म्हणतो, हे सोड आणि परदेशात एमपीएल (थेट एअरलाइनच्या को-पायलटसाठीचा परवाना) कर, तिथे तास मोजत नाहीत, कौशल्य बघतात. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, दीड हजार तासांशिवाय कुणी पायलट होत नाही. बाबांनी शेतावर कर्ज काढलंय. ते विचारतात, २०० झाले की परवाना मिळतो ना, मग लँडिंगसाठी वेगळे पैसे कशाला? मी काय करू?

उत्तर

शाळा सोडू नका, एमपीएलच्या मागे जाऊ नका, आणि बाबांना सांगा की २०० च्या वर पाच तास इन्स्ट्रक्टरसोबत घ्यावे लागतील असं धरूनच पैशांची तजवीज करा. याची कारणं नीट समजून घ्या, कारण पुढच्या सत्तर तासांत काय करायचं ते त्यांवरूनच ठरेल.

आधी तुमचा हिशेब मांडू. डीजीसीएच्या, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या, सीपीएलसाठी एकूण २०० तास लागतात. त्यात पीआयसी १०० तास, आणि त्यातले १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. पीआयसी म्हणून क्रॉस-कंट्री २० तास, त्यात एक फेरी ३०० नॉटिकल मैलांची, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. रात्रीचे ५ तास, त्यात स्वतः केलेले १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग. सीपीएलला इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे फक्त उपकरणांवर उडण्याचे, १० तास पुरतात, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंगशिवाय एअरलाइनचं दार उघडत नाही. त्या रेटिंगला इन्स्ट्रुमेंटचे ४० तास लागतात, सिम्युलेटरचे त्यात जास्तीत जास्त २० धरतात, आणि पीआयसी क्रॉस-कंट्री ५० तास हवेत.

आता तुमचे आकडे यात बसवा. पीआयसीचे ३९ तास बाकी आहेत, त्यातले २८ क्रॉस-कंट्रीत जातील. विमानात हूडखाली अजून १६ तास. रात्रीचं इन्स्ट्रक्टरसोबतचं उड्डाण साधारण ४ तास. दिवसाची आणि रात्रीची फ्लाइंग टेस्ट, २५० मैलांचा दिवसाचा रूट चेक (लांबच्या मार्गावरची चाचणी), १२० मैलांचा रात्रीचा, इन्स्ट्रुमेंटची चाचणी, सगळं मिळून ७ तास धरा. बेरीज ६६. म्हणजे सत्तरांतले जेमतेम ४ तास मोकळे राहतात, आणि दोन इंजिनांच्या विमानावरचं (मल्टी-इंजिन) प्रशिक्षण याच २०० मध्ये बसवलेलं असेल तर तेही राहणार नाहीत. ‘तास भर’ या सल्ल्यात हीच अडचण आहे. आडव्या वाऱ्यातलं लँडिंग सुधारण्यासाठी तुमच्या वेळापत्रकात जागाच ठेवलेली नाही. तास आपोआप भरतील आणि दोष जसाच्या तसा तुमच्याबरोबर पुढे येईल.

लॉगबुकातला तास म्हणजे काय तेही बघा. विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं की वेळ सुरू होते आणि परत येऊन थांबलं की संपते. टॅक्सी, होल्डिंग पॉइंटवरचं थांबणं, पुढच्या विमानाची वाट बघणं, सगळं त्यात धरलं जातं. गर्दीच्या शाळेत एका तासातली पंधरा-वीस मिनिटं जमिनीवरच जातात. उरलेल्या वेळात सहा सर्किट, म्हणजे उडून रनवेभोवती फिरून पुन्हा उतरण्याच्या फेऱ्या, होतात. प्रत्येक सर्किटमध्ये पन्नास फुटांपासून विमान सावरेपर्यंतचा काळ जेमतेम वीस सेकंदांचा. म्हणजे तासाभराच्या सर्किट-सॉर्टीत (एका उड्डाणात), ज्या गोष्टीसाठी तुम्ही पैसे मोजले तिचा सराव दोन मिनिटं होतो. क्रॉस-कंट्रीच्या तीन तासांत तर दोन किंवा तीनच लँडिंग. १३० तासांनंतरही हात बसला नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत असाल तर देऊ नका. त्या १३० तासांत या कामाचा सराव फारच थोडा झालाय.

मावसभाऊ सांगतोय तो नियम खरा आहे आणि त्यामागची घटना तुम्ही जाणून घ्यायला हवी. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं क्यू-४०० विमान उतरण्याच्या तयारीत असताना कोसळलं. विमानातले ४९ जण आणि ज्या घरावर ते पडलं तिथला एक, असे ५० जण गेले. वेग कमी होत गेला तो वैमानिकांच्या लक्षात आला नाही. स्टॉल (पंखांची उचल कोसळणं) जवळ आल्याची सूचना देणारा स्टिक शेकर वाजला, तेव्हा कॅप्टनने कॉलम (नाक वर-खाली करणारा दांडा) पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला. विमानाची स्टिक पुशर ही यंत्रणा नाक खाली आणू पाहत होती, त्यांनी तिच्याविरुद्ध जोर लावला. को-पायलटने न सांगता फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणारे पंखांचे भाग) वर घेतले.

यानंतर अमेरिकी काँग्रेसने २०१० मध्ये कायदा केला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी (एअरलाइन वैमानिकाचं) प्रमाणपत्र, म्हणजे सर्वसाधारणपणे १५०० तास, बंधनकारक झाले. त्याआधी २५० तासांच्या आसपास कमर्शियल परवान्यावर उजव्या खुर्चीत बसता येत असे. लष्करी वैमानिकांना ७५० आणि मान्यताप्राप्त विमानविद्येची पदवी घेतलेल्यांना १००० तासांची सवलत आहे. पण बफेलोच्या विमानात कॅप्टनचे ३,३७९ तास होते आणि को-पायलटचे २,२४४. दोघंही नव्या नियमाच्या तासांच्या कसोटीला तेव्हाच उतरले असते. कमी पडलं होतं ते वेगळंच. कॅप्टन आधीच्या काही चेक राइडमध्ये (उड्डाण चाचण्यांत) नापास झाले होते आणि त्यातलं सगळं कंपनीपर्यंत पोचलं नव्हतं. स्टिक पुशर चालू झाल्यावर काय करायचं याचा सिम्युलेटरवर प्रत्यक्ष सराव त्यांना मिळालेला नव्हता. त्याच २०१० च्या कायद्याने वैमानिकांच्या नोंदींचा राष्ट्रीय साठा उभारायला सांगितलं, आणि एटीपीच्या लेखी परीक्षेआधी स्टॉल, बिघडलेली स्थिती, उंचावरचं उड्डाण यांवर ३० तास वर्ग आणि १० तास सिम्युलेटर असा कोर्स आला. आमच्या मते या अपघाताला खरं उत्तर देणाऱ्या गोष्टी या आहेत, १५०० चा आकडा नव्हे. तरी तो आकडा अगदी फुकट आहे असंही आम्ही म्हणणार नाही. एकट्याने हवामान बघून ‘आज नाही जायचं’ हा निर्णय घेणं, पर्यायी विमानतळाकडे वळणं, रेडिओवर गोंधळ झाला तरी डोकं शांत ठेवणं, हे तासांनीच येतं. फक्त ते तास वेगवेगळ्या परिस्थितीत झालेले असावे लागतात. एकाच सर्किटमधले हजार तास ते देत नाहीत.

आता एमपीएल. २००६ मध्ये आयकाओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेने, हा परवाना आणला. विमान आणि सिम्युलेटर मिळून किमान २४० तास, चार टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात ठरलेलं कौशल्य दिसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुरुवातीपासून दोन वैमानिकांच्या कॉकपिटची तयारी होते, शेवटी एखाद्या मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी) आणि त्यावर १२ प्रत्यक्ष लँडिंग. पद्धत म्हणून ती चांगली आहे. पण मित्राने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. हा परवाना एका ठरावीक एअरलाइनसाठी, तिच्या विमानासाठी आणि तिच्या कार्यपद्धतीसाठी घडवलेला असतो. ती एअरलाइन गेली किंवा तिने भरती थांबवली तर तो हातात घेऊन फिरणं अवघड होतं. पहिल्या एमपीएल वर्गांपैकी एक डेन्मार्कमध्ये स्टर्लिंग एअरलाइन्ससाठी चालला, आणि २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली.

तुमच्या बाबतीत याहून मोठी अडचण आहे. एमपीएलचे बरेचसे तास सिम्युलेटरवरचे असतात आणि एकट्याने विमान उडवण्याचे फार थोडे. उद्या भारतात परत येऊन सीपीएल घ्यायची झाली तर १०० तास पीआयसी कुठून दाखवणार? इथल्या नियमात ‘कौशल्य आहे, तास कमी धरा’ अशी सोय नाही. कुणी एजंट अशी सोय असल्याचं सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. १३० तास आणि ६१ पीआयसी हातात असताना ती वाट तुमच्यासाठी तोट्याची आहे.

कौशल्याधारित प्रशिक्षण म्हणजे कमी तास, ही समजूत मात्र डोक्यातून काढून टाका. त्याचा अर्थ इतकाच की प्रत्येक कामासाठी काय दिसायला हवं ते आधी लिहून ठेवायचं, आणि ते दिसेपर्यंत ते काम ‘झालं’ असं मानायचं नाही. एअरलाइनच्या प्रशिक्षणात आज वैमानिकाला ज्या नऊ क्षमतांवर तोलतात त्यांत हाताने विमान उडवणं ही एक. बाकीच्यांत कार्यपद्धती पाळणं, ऑटोमेशन वापरणं, संवाद, परिस्थितीचं भान, निर्णय, कामाचा भार सांभाळणं वगैरे येतं. यासाठी परदेशात जायची गरज नाही. तुमच्या शाळेत, याच सेसनावर, उरलेल्या तासांत ते करता येतं.

तुमच्या लँडिंगपासूनच सुरू करू. ‘चाकं एकीकडे, नाक दुसरीकडे’ या वर्णनावरून तुम्ही क्रॅब (वाऱ्याकडे वळवलेलं नाक) तसाच ठेवून टेकता असं दिसतं. वाऱ्याकडे नाक वळवून फायनलवर (रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात) येणं बरोबर आहे, पण टेकण्याआधी नाक रनवेच्या रेषेत आणायला हवं. हे काम रडरचं, म्हणजे पायांनी हलवायच्या शेपटीवरच्या पात्याचं. मात्र नुसता रडर दिलात की विमान वाऱ्याबरोबर बाजूला सरकायला लागतं, म्हणून त्याच क्षणी वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने (पंखांच्या टोकाकडच्या हलत्या पात्यांनी) खाली ठेवायचा. सरकणं एलेरॉनने थांबवा, नाक रडरने सरळ ठेवा, आणि वाऱ्याकडचं चाक आधी टेकू द्या. विद्यार्थी बहुतेक वेळा यातलं एकच करतात. तुम्ही कोणतं विसरता ते ओळखायची खूण सोपी आहे. टेकताना टायर बाजूला घासून विमान हिसका देत सरळ होत असेल तर रडर उशिरा किंवा कमी पडतोय. नाक सरळ पण विमान सेंटरलाइन सोडून वाऱ्यापासून लांब जात असेल तर एलेरॉन कमी पडतोय.

याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, वेग. फायनलवर ६५ नॉट ठरवले आणि भीतीपोटी ७५ ठेवले, तर विमानातली ऊर्जा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढते. मग ते रनवेवर तरंगत राहतं, आणि जितका वेळ तरंगेल तितका वेळ वाऱ्याला ते सरकवायला मिळतो. आडव्या वाऱ्यातली बरीच खराब लँडिंग मुळात जास्त वेगाची असतात. दुसरी, नजर. फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक हळूच उचलताना) नजर नाकाजवळ असली की सरकणं कळत नाही, ती रनवेच्या दूरच्या टोकाला न्या. तिसरी, टेकल्यानंतरचे हात. चाक टेकलं की ‘झालं’ म्हणून एलेरॉन सोडून देतात आणि वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. वेग कमी होतो तसं एलेरॉन वाढवत न्यायचं असतं, अगदी टॅक्सीच्या वेगापर्यंत.

सराव कसा वाढवायचा? इन्स्ट्रक्टरला लो पास मागा. टॉवरची परवानगी घेऊन, लांब रनवेवर, पाच-दहा फुटांवरून ६५ नॉटने टेकल्याविना सेंटरलाइनवर उडायचं. थ्रॉटल इन्स्ट्रक्टरच्या हातात, एलेरॉन आणि रडर तुमच्या. १००० मीटर असे गेलात तर तीस सेकंद मिळतात, आणि हे सगळे सेकंद नेमक्या त्या कामाचे. मग वेळेत गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. हे एकट्याने कधीही करायचं नाही. पहिल्या दिवशी वाऱ्याचा आडवा घटक ५-६ नॉटचा असू द्या, जमलं की ८-१०. वारा रनवेशी ३० अंशांत असेल तर निम्मा आडवा धरा, ६० अंशांत असेल तर जवळजवळ नऊ दशांश. १७२ च्या पुस्तकात १५ नॉटपर्यंत करून दाखवल्याची नोंद आहे, पण विद्यार्थ्यांसाठी तुमच्या शाळेची मर्यादा त्याहून कमी असेल आणि तीच पाळायची.

आम्ही जे पाच जादा तास म्हणतोय ते यासाठी. सलग दोन दिवस, वारा असेल तेव्हाच, दरवेळी तासाभराच्या आतली सॉर्टी. वारा नसेल तर त्या दिवशी हे पैसे खर्च करू नका. बाबांना इतकंच समजवा की एअरलाइनच्या निवडीत किंवा टाइप रेटिंगमध्ये अडकलात तर जादा सिम्युलेटर सत्राचा खर्च या पाच तासांच्या पुढे जातो.

बाकीच्या तासांसाठी एक साधी वही ठेवा. सॉर्टीआधी एकच लक्ष्य लिहा, आकड्यासकट. स्टीप टर्न (तीव्र वळण) असेल तर झुकाव ४५ अंश, उंची १०० फुटांच्या आत, वेग १० नॉटच्या आत. क्रॉस-कंट्री असेल तर प्रत्येक चेकपॉइंटला अंदाजे वेळेपासून तीन मिनिटांच्या आत. उतरल्यावर तीन गोष्टी नोंदवा: जमलं का, कुणाच्या मदतीने जमलं, आणि चुकलं तर कोणत्या क्षणी चुकायला लागलं. इन्स्ट्रक्टरने तोंडाने आठवण करून दिल्यावर जमलं ते ‘जमलं’ नव्हे. दोन वेगळ्या दिवशी, न सांगता, दोनदा जमलं की मगच खूण करा. हूडचे १६ तास नुसते सरळ उडण्यात घालवू नका, तिथे वेळ सगळ्यात सहज वाया जातो. किमान चार तास बिघडलेल्या स्थितीतून सावरणं आणि एखादं उपकरण झाकून उडणं यासाठी ठेवा, कारण एअरलाइनच्या निवडीच्या सिम्युलेटरमध्ये ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते दाखवणारी खूण) बंद करून तुमची नजर उपकरणांवर कशी फिरते तेच बघतात.

शाळेत कौशल्याचे तक्ते असतील तर ते उघडून बघा. सगळ्या सॉर्टींना एकच गुण दिलेला दिसला तर ते तक्ते बिनकामाचे आहेत. शिकवणारा आणि स्टेज चेक (टप्प्याअखेरची चाचणी) घेणारा वेगळा माणूस आहे का, आणि स्टेज चेकमध्ये गेल्या वर्षी कुणाला थांबवलं गेलं का, हे दोन प्रश्न सीएफआयना, म्हणजे शाळेच्या मुख्य इन्स्ट्रक्टरना, सरळ विचारा. चांगला सीएफआय याचा राग मानणार नाही. आणि न उडलेला एक मिनिटही लॉगबुकात चढवू नका, कुणीही सुचवलं तरी. लॉगबुकातली नोंद विमानाच्या आणि शाळेच्या नोंदींशी पडताळून बघता येते. २०११ मध्ये देशात बनावट कागदांवरचे परवाने उघडकीस आले तेव्हा वैमानिकांना अटक झाली होती.

शेवटी क्रम, कारण इथे बरेच जण पैसे घालवतात. रात्रीची ती दहा लँडिंग, फ्लाइंग टेस्ट आणि रूट चेक यांना सहा महिन्यांची मुदत असते. घाईने मार्चमध्ये नाइट उरकलंत आणि पावसाळ्यात विमानं जमिनीवर राहून २०० तास नोव्हेंबरात पूर्ण झाले, तर ते नाइट पुन्हा करावं लागेल. म्हणून जूनच्या आत क्रॉस-कंट्रीचे २८ तास आणि शक्य तितकं हूड उरका, आडव्या वाऱ्याचा सराव मे महिन्यातल्या दुपारनंतरच्या वाऱ्यात इन्स्ट्रक्टरसोबत करा. पावसाळ्यात सिम्युलेटरचे उरलेले १० तास आणि राहिलेले पेपर. ऑक्टोबरात आभाळ मोकळं झालं की नाइट, आणि लगेच सगळ्या चाचण्या एकापाठोपाठ, डिसेंबरातलं सकाळचं धुकं सुरू व्हायच्या आत. क्लास वन मेडिकल बारा महिन्यांचं असतं, त्याची तारीख या काळात संपत नाही ना तेही आजच बघा. हा सगळा क्रम एका कागदावर मांडा आणि या आठवड्यात लॉगबुक घेऊन सीएफआयसमोर बसा. डीजीसीएचा त्या दिवशी लागू असलेला नियम त्यांच्याकडूनच पक्का करून घ्या आणि पाच जादा तासांच्या तारखा तिथेच ठरवा.